लेबलाखाली

२४ जून २०२५, मंगळवार

लेबलं संपत आली. मोजली. एकशे बारा. अजून ‘निर्मल, जि. आदिलाबाद, आं. प्र.’ हेच. आंध्र सुटून अकरा वर्षं झाली, आदिलाबाद सुटून नववं चालू आहे. कुणी वाचत नाही म्हणून चाललं.

नांदेडच्या छापखान्याला फोन. ‘वहिनी, मजकूर पाठवा, आठ दिवसांत देतो.’

२५ जून

मजकूर. बसले लिहायला. ‘निर्मलची खेळणी’ एवढं लिहून पेन थांबलं.

मामंजी म्हणाले, ‘जुनाच दे. जिल्हा तेवढा बदल.’

२७ जून, शुक्रवार

पेपरात कोल्हापुरी चपला. मिलानला, प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात. फोटो बघितला. तीच बोटं, तोच पट्टा. नाव कुठंच नाही. नुसतं ‘चामड्याची सॅंडल’.

सकाळपासून तीन जणांनी मोबाइलवर दाखवला. प्रत्येकाला राग. मलाही. राग आला तेव्हा मी खुळखुळ्यांना लेबलं चिकटवत होते.

२८ जून

खुळखुळे कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे. भोवरे, चकत्यांचे मनोरे, दोरीची आगगाडी, सगळं तिकडचं. दर दोन महिन्यांनी खोकी येतात. खोकी फोडायची, लेबल लावायचं, फळीवर मांडायचं.

कितीतरी वर्षं. आज पहिल्यांदा लिहिलं.

३० जून

प्राडाने मान्य केलं, कोल्हापुरीवरूनच सुचलं म्हणून. पुतण्या चिनूने नांदेडहून बातमी पाठवली, खाली हसरं तोंड.

त्यानेच सांगितलं: कोल्हापुरीच्या नोंदणीत नुसतं कोल्हापूर नाही. सांगली, सातारा, सोलापूर. पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन राज्यं, आठ जिल्हे. २०१९ ला मिळाली. म्हणजे अथणीची चप्पलही कोल्हापुरीच, आणि ते खोटं नाही.

मग निर्मलच्या फळीवर चन्नपट्टण का नको? असं मनाला विचारून बघितलं. मन गप्प. त्या आठ जिल्ह्यांनी एकमेकांना विचारलं होतं.

२ जुलै

पाऊस. गिऱ्हाईक शून्य.

३ जुलै, गुरुवार

चिनू आला. नांदेड–भोकर–भैंसा बस, निम्मा रस्ता उभा राहून. खांद्याला लांब काळी पेटी. मला वाटलं बन्सी. स्नूकरचा क्यू निघाला. अठरा हजारांचा! भावजींना बारा सांगितलेत. मला शपथ घातली.

‘काकू, हॅन्डमेड आहे. इंग्लंडचा.’

बुडाशी पितळेची गोल चकती, वर इंग्रजी नाव. हात फिरवून बघितला. लाकूड गुळगुळीत, रेषा बाणाच्या टोकांसारख्या एकावर एक चढत गेलेल्या. ॲशचं लाकूड म्हणे. बुडाला आबनूस. काम चांगलं आहे. लाकडाचं खोटं हाताला कळतं. इथं हाताला काही खोटं लागलं नाही.

मामंजी म्हणाले, ‘एवढ्यात म्हैस आली असती.’

४ जुलै

चिनू सांगतो: हा खेळ जबलपूरला जन्मला. १८७५, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरणा अधिकारी. मग उटीच्या क्लबात नियम बसले. म्हणजे यंदा दीडशे वर्षं.

‘मग इंग्लंडचा कसा?’ मामंजी.

‘खेळणारे इंग्लंडचे होते आजोबा.’

‘असं म्हण की.’

६ जुलै, आषाढी एकादशी

खिचडी खारट झाली. कुणी बोललं नाही.

१० जुलै, गुरुवार. व्यासपौर्णिमा

बासरची गर्दी. पोरांना सरस्वतीपुढे बसवून अक्षराभ्यास करायचा, परत जाताना हायवेवर थांबायचं. पाटी तिथं, खेळणं इथं. दिवसभरात अठ्ठावीसशेचा धंदा.

दुपारी एक बाई, नागपूरकडची. कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू, हातात खुळखुळा. तोंडात घातलेला. बाई विचारते, ‘चालेल ना?’ मी म्हटलं, लाखेचा रंग आहे, कातावर फिरवत घासून बसवलेला, काळजी करू नका. खरंच सांगितलं.

मग तिनं बदक उचललं. पोणिकीच्या लाकडाचं, इथल्या कारागीर तात्याच्या हातचं. वरून ऑइलपेंट. लेबल बघितलं. ‘हे पण निर्मल, ते पण निर्मल. मग हेही चालेल.’ बदक लेकराच्या हातात. लेकरानं चोच तोंडात घातली.

हिसकावून घेतलं मी. बाई चिडली. खुळखुळाही ठेवून गेली.

रात्री

झोप नाही. लेबल सारखं होतं. बाईचं काय चुकलं?

११ जुलै

ह्या गोष्टीचा हिशोब मांडून ठेवते.

निर्मलचं काम शोभेचं. पोणिकीचं लाकूड कापसासारखं हलकं. वाळवायचं, तुकडे कोरायचे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून सांधे बुजवायचे. घासायचं. पांढरी माती द्यायची. मग रंग. सीताफळाचा एकेक डोळा उठवलेला असतो. कपाटात ठेवून बघायची गोष्ट.

चन्नपट्टणचं कातारकाम. ‘आले मर’ म्हणतात त्या झाडाचं पांढरं लाकूड, आपला काळा कुडा. कातावर गोल फिरलं की लाखेची कांडी लावायची, उष्णतेनं लाख वितळून बसते. कोपरा नाही. पोरांनी चावायची गोष्ट.

दोन्ही चांगली. एका नावाखाली आली की एक धोक्याची होते.

१२ जुलै

तिसरं राहिलं. रेझिनची फळं. तीही आहेत. आठ डझन, मागच्या कपाटात. पेरू हातात घेतला की जड लागतो, देठाजवळ साच्याची शिवण दिसते. खोकेवाल्यानं ‘बघा तर खरं’ म्हणून टाकली होती. लेबल लावलं नाही अजून. लावलं असतं.

१४ जुलै, सोमवार

खोकेवाला आला. खालच्या आवाजात: ‘ताई, निर्मल लिहिलेलं असलं की आयएसआय कुणी विचारत नाही. आमच्या नुसत्या मालाला विचारतात.’

खरं आहे ते. २०२१ पासून खेळण्याला आयएसआय लागतो. नोंदणीकृत कारागिरांना आणि भौगोलिक नाव मिळालेल्या मालाला सूट. ती सूट तात्यासारख्या माणसासाठी ठेवली. तिच्या आडून साच्यातला पेरू जाणार.

रेझिन परत ने म्हटलं. पुढच्या खेपेला नेतो म्हणाला.

१५ जुलै

चिनूचा चेहरा पडलेला. इथल्या एका क्लबात गेला होता क्यू घेऊन. तिथला मार्कर म्हातारा, हैदराबादला जन्म गेला टेबलापाशी. क्यू उजेडात धरला, बुडाचे सांधे बघितले. म्हणाला, टोकं गोल आहेत, हाताने जोडलेला आहे, मशिनची असती तर करवतीच्या दातासारखी टोकदार आली असती. काम पक्कं. पण इंग्लंड-बिंग्लंड काही नाही. हा थायलंडचा. चकती नंतर बसवली.

चिनूनं रात्री ब्लेड घालून चकती काढली. खाली लाकडात भाजून उमटवलेली खूण होती. घासून टाकलेली. अर्धं अक्षर राहिलं होतं.

जेवला नाही.

१६ जुलै

‘काकू, काम तेच आहे ना? कालपर्यंत आवडत होता.’

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

१७ जुलै

विकणार म्हणतो. चकती परत चिकटवून. ‘मला फसवलं, मी पुढं ढकलतो. घेणाऱ्यालाही आवडेल.’

तोंडाशी आलं ते बोलायला तोंड नव्हतं. समोर एकशे बारापैकी चव्वेचाळीस लेबलं उरली होती.

१८ जुलै, शुक्रवार

सांगून टाकलं. खुळखुळ्याचं, मनोऱ्याचं, सगळं. मला वाटलं, त्याला माहीत असेल. नव्हतं.

बराच वेळ दुकानात हिंडला. एकेक वस्तू उलटी करून बघत. मग मोबाइल काढला. ‘काकू, कायदा १९९९ चा आहे. खोटं भौगोलिक नाव लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. दंड पन्नास हजार ते दोन लाख.’

‘लाखेच्या खुळखुळ्याला दोन लाख?’ मामंजी गादीवरून.

चिनू हसला. मीही हसले. मग तिघांनाही हसू पुरलं नाही.

१९ जुलै

मामंजी दिवसभर पेपर उलटा धरून बसलेले.

२० जुलै, रविवार

दुकान बंद. चहा घेताना आपणहून बोलले. ‘पोणिकी मिळंना झाली होती. कारागीर हात बांधून बसलेले. दसरा तोंडावर. दुकान रिकामं दिसाय नको म्हणून चार खोकी आणली. लबाडी न्हवती ती. भरती होती.’

मी म्हटलं, ‘माहीत आहे मामंजी.’

‘पुढच्या साली पोणिकी आली. भरती निघाली न्हाई.’

कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा सांडला तो पुसत राहिले.

२२ जुलै

तात्याकडे गेले, त्यांच्या गल्लीत. नक्काशांची घरं. त्यांना ताता म्हणतात सगळे, मी तात्या म्हणते, त्यांना चालतं. सून सीताफळांना पांढरी माती देत होती. नातू ऑनलाइन कंपनीच्या पिशव्या पोचवतो. कोरायला बसत नाही.

विचारलं: नवीन लेबलावर काय लिहू? तेलुगूत म्हणाले, नाव नको, माझं एकट्याचं नसतं. मी कोरतो, सून माती देते, रंग धाकटा देतो.

‘निर्मलचं लाकूड असं लिहू?’

हसले. लाकूड आता इथलं कुठं? पोणिकी वाढायला वर्षं लागतात, तोडायला दुपार. जिथून मिळतं तिथून येतं. ‘चेय्यी इक्कडिदि, अम्मा.’ हात इथला आहे.

कारागिरांची सोसायटी १९५५ ची. तेव्हा यांचे वडील होते तिच्यात. तेव्हाही लेबल नव्हतं म्हणे. फळ हातात दिलं की घेणारा वास घेऊन बघायचा.

२३ जुलै

पुण्याचं जोडपं. बाईंना निर्मलची गोष्ट हवी होती. मामंजी खुलले. सांगितली. निम्मा नायडूनं गाव वसवलं, कारागीर आणून बसवले. पुढं निजाम आला तेव्हा त्याच्यावर सोन्याच्या वर्खाच्या पाकळ्या पडल्या.

‘खरंच?’

‘असं सांगतात.’ आधी हे दोन शब्द जोडत नसत.

मग गृहस्थ: ‘तुम्ही मराठी इथे कसे? मूळचे कुठले?’

‘मुधोळ.’

‘कुत्र्यांचं मुधोळ?’

‘ते कर्नाटकातलं. आमचं हे बासरच्या शेजारचं.’

गेल्यावर चिनू विचारत बसला. मामंजी चौदा वर्षांचे होते १९५६ ला. मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. राज्यं मोडून बांधली, तालुका आदिलाबादेत आला, किनवट तिकडं गेलं. घर हललं नाही. शाळेचा दाखला नांदेडचा, लग्नपत्रिका आदिलाबादची, आताचं आधार निर्मलचं.

‘मग खरं कुठलं लिहायचं आजोबा?’

‘तिन्ही खरी. ज्या साली विचारशील तसं.’ थांबून: ‘पण पुण्याचा म्हणून न्हाई सांगितलं कधी.’

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. शेवटची लेबलं काढायला घेतली. वस्तूंवरची. चिनूनं गरम पाण्यात फडकं भिजवून दिलं. लाखेवरून सहज निघतात.

एका मनोऱ्याच्या बुडाला, लेबलाखाली, पेन्सिलीनं काही लिहिलेलं. कानडी. अक्षरं तेलुगूची भावंडं, म्हणून लावून वाचता येतात. शब्द परके. तीन ओळखीचे निघाले: ‘ओंदु’, ‘डझन’, ‘बाकी’. मधला कळला नाही. ‘दुड्डु’.

२६ जुलै

आमच्या दारावरून जाणारा हायवे चव्वेचाळीस नंबरचा. हाच बंगळुरूला जातो. पलीकडच्या ढाब्यावर कर्नाटक पासिंगची लॉरी उभी होती. मनोरा घेऊन गेले. ड्रायव्हर दाढी करत होता. अर्ध्या साबणाच्या तोंडानं वाचलं.

‘दुड्डु म्हणजे पैसे, अम्मा. एक डझन, पैसे बाकी.’

कुणाचं नाव आहे का विचारलं. नाही म्हणाला. फिरवून बघितलं, नाहीच.

परत आले. फळीवर ठेवला. परत उचलला.

२७ जुलै

खोकेवाल्याला फोन. मनोरे करणाऱ्याचे पैसे दिलेस का? ‘ताई, कुठल्या काळातलं विचारता! ते माझ्याआधीच्या माणसाचं.’ मग हसला. मग ठेवला.

आपण त्या बाकीवर लेबल चिकटवलं.

२८ जुलै

चिनूनं क्यू विकायला काढला. फोटो काढून ग्रुपवर टाकला. वर लिहिलं: हाताने केलेला, थायलंड, ॲश आणि आबनूस, चकती काढलेली. किंमत नऊ हजार.

मी काही म्हटलं नव्हतं.

३१ जुलै

एक विचारणा आली. ‘चकती आहे का सोबत? असेल तर बारा देतो.’

चिनूनं मला दाखवलं. चकती टेबलावरच पडली होती. उत्तर दिलं नाही त्यानं. संध्याकाळी क्यू घेऊन क्लबात गेला. उशिरा आला. सेहेचाळीसचा ब्रेक, आयुष्यातला मोठ्यात मोठा. मार्करनं चहा पाजला.

२ ऑगस्ट, शनिवार

चिनू परत गेला. क्यू बरोबर. चकती माझ्या शिवणाच्या डब्यात राहिली, बटणांत.

४ ऑगस्ट

मजकूर पाठवला. दोन लेबलं. मामंजींना वाचून दाखवला. पहिलं:

‘पोणिकीचं लाकूड. हात निर्मलचा. शोभेची वस्तू, लेकराच्या तोंडात देऊ नये.’

दुसरं:

‘चन्नपट्टणचं कातारकाम, लाखेचा रंग. विकणारे: निर्मल.’

मामंजी: ‘विक्री पडंल.’

‘पडेल.’

‘जिल्हा?’

‘निर्मल.’

‘राज्य?’

‘तेलंगणा.’

‘हां. ते तरी बदललं.’

९ ऑगस्ट. राखीपौर्णिमा

लेबलं आली. छापखान्यानं ‘कातारकाम’चं ‘कातरकाम’ केलं. एक हजार नग. परत पाठवली. फोनवर भांडले. एवढ्यासाठी कधी भांडले नव्हते.

१३ ऑगस्ट

रेझिन अजून कपाटातच. खोकेवाला फिरकत नाही. खोकं दोरीनं बांधून वर ‘परत’ लिहिलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

पावसानं झोडपलंय. नांदेडकडच्या बातम्या वाईट. चिनूचा फोन लागला, ठीक आहे. माल खालच्या फळीवरून वर घेतला. पोणिकी ओल धरते, लाख धरत नाही. वर चढवताना दोन्ही वेगळ्या रांगेत गेली. तशीच ठेवणार.

२१ ऑगस्ट

नवीन लेबलं, बरोबर. गणपतीची खरेदी सुरू. हैदराबादचं एक कुटुंब. गृहस्थांनी मनोरा उचलला, वाचला, ठेवला. ‘निर्मलचं काही दाखवा.’ सीताफळ दाखवलं. किंमत ऐकून तेही ठेवलं.

दिवसाची विक्री सहाशे चाळीस.

२२ ऑगस्ट

चारशे दहा.

मामंजींनी वही बघितली. मिटली. बोलले नाहीत. जेवताना आमटी वाढताना म्हणाले, ‘चिंचोके किती लागतात तात्याला म्हसाला?’ महिन्याला, असं म्हणायचं होतं. आपल्या मागच्या चिंचेचे गोळा करून देता येतील.

२५ ऑगस्ट

एक तरुण बाई, एकटीच. मनोरा घेतला. लेबल दोनदा वाचलं. ‘चन्नपट्टणला माझं आजोळ.’ डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी किंमत कमी केली नाही. तिनंही सांगितली नाही कमी करायला.

जाताना विचारलं तिला: दुड्डु बाकी कसं फेडतात, माणूस माहीत नसेल तर? तिला कळलं नाही. बरोबर आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. मामंजी गादीवर बसून मनोऱ्यांना लेबलं लावत होते. चष्मा नाकावर. एकेक उलटा करतात, बुड बघतात, सुलटा करतात. लेबल बाजूला, खालच्या चकतीवर.

बुड मोकळं ठेवतात.